खानदेशच्या उन्हात एक किलो गांडुळं

घरी गांडूळखत करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "आणि मे महिन्यात काय करशील?" विचारणाऱ्याला उत्तर नकोच असायचं, प्रश्नातच ते होतं. आमच्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. दुपारी बारा ते पाच माणसं दाराबाहेर पाय टाकत नाहीत. गांडूळ तर कातडीनं श्वास घेतं, अंगावरचा ओलावा संपला की त्याचा खेळ खलास. पुण्या-नाशिकच्या लोकांनी बाल्कनीतल्या गांडुळांबद्दल पुष्कळ लिहिलंय, मी ते वाचलंही. पण त्यात वैशाखातल्या खानदेशाचा पत्ताच नसतो. म्हणून माझं सगळं झाल्यावर हे तपशिलात लिहायला घेतलं.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मी पतपेढीत नोकरी करते. घरात पाच माणसं, मागे परस, परसात सासऱ्यांनी लावलेला कडुनिंब. धाकटे दीर चोपडा तालुक्यात शेती करतात, कापूस आणि थोडी केळी.

सुरुवात हौसेतून नाही, घंटागाडीवरून झाली. ओला-सुका कचरा वेगळा देणं २०१६ च्या नियमांपासून बंधनकारक आहे, पण आमच्या गल्लीत तो नियम पोचायला २०२३ ची दिवाळी उजाडली. गाडीवाल्यानं एके सकाळी सांगून टाकलं, एकत्र कचरा घेणार नाही. आम्ही वेगळा करायला लागलो. मग ओल्याची गाडी कधी यायची, कधी चार-चार दिवस नाही. केळीची सालं, मेथीच्या काड्या, भरताच्या वांग्यांची जळकी सालं, निर्माल्य, सगळं बादलीत कुजत पडायचं. त्या वासानं मी कामाला लागले.

गांडुळं लगेच आणायची नाहीत, हे आधीच कुणीतरी बजावलं होतं आणि ते शंभर टक्के खरं आहे. ओला कचरा कुजायला लागला की तापतो. मोठ्या ढिगाच्या पोटात ५५-६० अंशांपर्यंत उष्णता जाते. त्यात गांडूळ सोडणं म्हणजे जिवंतपणी शिजवणं. ताज्या शेणाचंही तेच, त्याची उष्णता आणि वायू निघून जायला पंधरा-वीस दिवस लागतात. म्हणून नोव्हेंबरअखेर मी फक्त कुजवणी सुरू केली. बाजार समितीजवळ भाजीचे जुने प्लॅस्टिक क्रेट साठ रुपयांना एक मिळतात, तसे दोन आणले. आतून गोणपाट लावलं. एक थर ओल्या कचऱ्याचा, त्यावर दुप्पट जाडीचा थर सुक्या पाल्याचा. कडुनिंबाचा पाला आयता होता, पण तो एकटाच वापरला नाही, त्यात केळीची वाळकी पानं आणि खोक्यांचे तुकडे मिसळले. मधूनमधून मूठभर जुनं शेण. वास येतोय असं वाटलं की पाणी जास्त झालंय, सुका पाला टाकायचा. काहीच हलत नाहीये असं वाटलं की कोरडं पडलंय, पाणी शिंपडायचं. या टप्प्याचं शास्त्र एवढंच. गांडुळं नकोत अशांनी इथंच थांबलं तरी चालतं. तीन-चार महिन्यांत याचंही चांगलं खत होतं.

दीर मध्येच म्हणाले, "वहिनी, त्यापेक्षा नाडेपची टाकी बांधू." नाडेप म्हणजे पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रुजवलेली पद्धत, भोकं ठेवून बांधलेला दहा बाय सहा बाय तीन फुटांचा विटांचा हौद. तो एक-दोन दिवसांत भरून लिंपून टाकावा लागतो आणि खत व्हायला सव्वातीन-चार महिने लागतात. शेतात उत्तम. घरात रोज जेमतेम किलोभर कचरा निघतो, तो हौद आम्ही कधी भरणार? त्यांच्या शेतात मात्र ती टाकी पुढं झाली, ते नंतर सांगते.

डिसेंबरात गांडुळांची शोधाशोध. आमच्या जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं दोन आहेत, एक ममुराबादला आणि एक पालला. त्यातल्या एका ठिकाणी फोन लावला. पहिला सल्ला हाच देईन, थेट जाऊ नका, आधी फोन करा. गांडुळं कपाटात ठेवलेली नसतात. गांडूळखताचा वाफा काढणीला आला की मिळतात. माझं नाव लिहून घेतलं आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या म्हणाले. या थांबण्याचा फायदाच झाला, तोवर क्रेटमधलं अर्धं कुजलेलं खाद्य तयार झालं. आणि जानेवारी हा आमच्याकडे गांडुळं आणायला सर्वांत चांगला महिना, पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, दिवसाही सोसवेल असं असतं. गुढीपाडव्याला उत्साह येतो बऱ्याच जणांना. तेव्हा आणू नका.

किलोला चारशे रुपये दिले, पावती घेतली. तिथल्या ताईंनी दोन जाती समजावून दिल्या. आयसेनिया फेटिडा हे तांबडं, बारीक गांडूळ, सगळीकडे वापरतात, त्याला १५ ते २५ अंश मानवतात आणि ३५ च्या वर ते टिकत नाही. युड्रिलस हे जांभळट, लांब, त्याला ऊब जरा जास्त चालते पण थंडी सोसत नाही. त्यांच्याकडे त्या दिवशी तांबडं होतं, मी तेच घेतलं. निघताना त्यांनी पिशवीत त्यांच्याच वाफ्यातलं शेणखत भरपूर घातलं. गांडुळं मागताना हे आवर्जून मागा. त्यांना ओळखीचं खाद्य सोबत असलं की नव्या जागी ती लवकर स्थिरावतात.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर. कंडक्टरनं विचारलं काय आहे. गांडुळं म्हटल्यावर तो तिकिटाचं मशीन हातात धरून म्हणाला, "हाफ का फुल, ताई?" शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली ती गेलीच.

घरी सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "हाई काय लई उनी व माय?" मी सांगितलं. त्यांनी एक उचलून तळहातावर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या त लाल शेतस. वावरना गांडोय आसा नही ऱ्हातस."

त्यांना अक्षरओळख नाही, पण या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. खताची गांडुळं वेगळी आणि मातीची गांडुळं वेगळी. तांबडी गांडुळं वरवर, कुजणाऱ्या पाल्यात आणि शेणात राहतात, माती फारशी खात नाहीत. शेतातली फिकट, करड्या रंगाची गांडुळं मातीच्या आत राहतात, मातीच खातात आणि आडवी बिळं करत फिरतात. तिसरा प्रकार सरळ खाली खोल जाणाऱ्यांचा, ती रात्री वर येऊन पाला ओढून नेतात. पाणी मुरायला वाटा करणारी ही शेवटची दोन. विकत आणलेली तांबडी गांडुळं काळ्या रानात सोडून दिली की जमीन सुधारते, अशा भ्रमात पुष्कळ शेतकरी पैसे घालतात. शेणपाला नसलेल्या रानात ती राहतच नाहीत. त्यांचं काम खत करणं. रानातली गांडुळं विकत मिळत नाहीत, त्यांची सोय केली की आपली येतात.

वाफ्याची जागा निंबाखाली, घराच्या पूर्वेला निवडली, म्हणजे दुपारनंतर घराचीच सावली पडते. तयार किट पाहिली होती, चार-पाच हजारांच्या घरात, आणि बहुतेक प्लॅस्टिकची. आमच्या उन्हात प्लॅस्टिक आतून भट्टी होतं. त्यांच्यापेक्षा माती बरी. गवंड्याला सहाशे रुपये मजुरी देऊन तीन फूट बाय दोन फुटांचा वाफा घेतला, अर्धा जमिनीत, अर्धा वर, पडलेल्या भिंतीच्या जुन्या विटांचा. तळाला उतार आणि पाणी निघायला पाइपचा तुकडा. तळावर बारीक तारेची जाळी, कारण आमच्याकडे घुशी आणि चिचुंद्र्या आहेत आणि दोघींनाही गांडूळ म्हणजे मेजवानी. मग विटांचे तुकडे, वाळू, भिजवलेला काथ्या आणि केळीची पानं, त्यावर अर्धं कुजलेलं खाद्य, त्यावर गांडुळं, वरून ओलं गोणपाट. गोणपाटं वीस-पंचवीस रुपयांना एक. जाळी, पाइप, गोणपाटं, शेणाची हातगाडी, मजुरी, गांडुळं, क्रेट असं सगळं धरून खर्च दोन हजारांच्या आत राहिला.

पहिल्या दोन-तीन रात्री वाफ्यावर दिवा लावून ठेवा. नवीन जागी गांडुळं बाहेर निघायला बघतात. त्यांना डोळे नसतात, पण कातडीला उजेड कळतो आणि तो नको असतो. दिवा असला की खालीच राहतात. आमच्या पोर्चमधला बल्ब वायरीनं ओढून निंबाला टांगला होता. शेजारच्यांना वाटलं घरात कार्य आहे.

ओलाव्यासाठी मुठीचा अंदाज ठेवला. वाफ्यातलं मूठभर घेऊन घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर. धार लागली तर जास्त. मूठ उघडल्यावर गोळा भुरभुरला तर कमी.

खाद्याचं म्हणाल तर आमच्या घरात वगळायच्याच गोष्टी जास्त. खानदेशी स्वयंपाक म्हणजे तेल, मीठ, लाल मिरची, त्यामुळे शिजलेलं उरलंसुरलं काही घातलं नाही. लिंबाच्या फोडी, मिरचीची देठं, कांद्याच्या साली क्रेटमध्ये, वाफ्यात नाहीत. केळीची सालं मात्र बारीक तुकडे करून घातली की दोन-तीन दिवसांत नाहीशी होतात. चहाचा चोथा साखर धुऊन. अंड्याची टरफलं खलबत्त्यात पूड करून चिमूटभर. गांडुळाला दात नसतात, पोटातल्या एका जाड स्नायूच्या पिशवीत बारीक खडे-वाळूच्या साहाय्यानं ते अन्न दळतं, त्यासाठी ही कच लागते.

फेब्रुवारीत मला वाटलं, आता जमिनीचंही तपासून घेऊ, म्हणजे पुढं काही फरक पडला तर कळेल. मातीचा नमुना काढायची रीत दिरांनी दाखवली. वरचा पाला बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा, त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती. असे पाच-सात ठिकाणचे नमुने एकत्र मिसळायचे, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखालची, बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची माती घ्यायची नाही. खत टाकल्या टाकल्याही घ्यायची नाही. सावलीत वाळवून कापडी पिशवीत.

पिशव्या दोन, एक शेताची, एक परसाची. प्रयोगशाळेतल्या खिडकीवर परसाची पिशवी अडकली. अर्जात गट नंबर लागतो, आधीचं पीक लागतं, बागायत का जिरायत ते लागतं. परसाला गट नंबर कुठला? मी सिटी सर्व्हे नंबर सांगितला. खिडकीतल्या माणसानं सातबारा मागितला. सातबारा नाही, मालमत्ता पत्रक आहे म्हटल्यावर तो साहेबांकडे गेला, साहेब जेवायला गेले होते. जेवून आल्यावर साहेबांनी एका ओळीत सोडवलं, "खासगी नमुना म्हणून घ्या." तेव्हा घरच्या मातीसाठी जाणाऱ्यांनी आधीच "खासगी नमुना" म्हणा, पीक या रकान्यात "परसबाग" लिहा, आणि मालमत्ता पत्रकाची झेरॉक्स जवळ ठेवा. फेब्रुवारीत दिलेल्या नमुन्यांचा अहवाल एप्रिलमध्ये मिळाला. फोन केल्याशिवाय झालाय की नाही कळत नाही.

अहवालात पाहायचं ते मुख्यतः दोन ओळींत, सामू (म्हणजे पीएच) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन). शेताचा सामू ८.३, कर्ब ०.३४ टक्के. परसाचा सामू ८.१, कर्ब ०.५२. आपल्याकडची चुनखडीयुक्त काळी जमीन, सामू आठच्या वर असणारच. कर्ब मात्र ०.४० च्या आत म्हणजे कमी. दीर अहवाल बघून काही बोलले नाहीत. संध्याकाळी फोन करून नाडेपच्या टाकीसाठी विटा किती लागतील ते विचारलं.

मार्चअखेर वाफ्यातून पहिलं खत निघालं. काढायच्या तीन-चार दिवस आधी पाणी बंद केलं. सकाळी उन्हाच्या कडेला प्लॅस्टिकवर शंकूसारखे ढीग घातले. उजेड लागला की गांडुळं आत आत जातात, वरचं खत हातानं ओढून घ्यायचं, परत थोडं थांबायचं. शेवटी तळाशी नुसता गांडुळांचा गोळा उरतो, तो परत वाफ्यात. खत काळपट, रवाळ, चहाच्या भुकटीसारखं, आणि वास पहिल्या पावसाचा. चाळताना चाळणीत काही दाणे उरले. मोहरीएवढे, एका टोकाला निमुळते, पिवळसर. मला वाटलं कसलं तरी बी असेल. चष्मा लावून उजेडाकडे धरलं तर एका तांबूस दाण्यात आत दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं. ते कोष होते. प्रत्येक गांडुळात नर-मादी दोन्ही असतात, तरी जोडीदार लागतो. अंगावरच्या त्या फुगीर पट्ट्यातून कोष निघतो, आणि साधारण तीन आठवड्यांत एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं, पांढरी, शिवायच्या दोऱ्याच्या तुकड्यांएवढी. तेव्हापासून चाळलेलं खत मी आठवडाभर ओलं ठेवते आणि एका कोपऱ्यात केळीचं साल पुरते. उरलेली पिल्लं सालाखाली गोळा होतात, ती उचलून परत. गांडूळ तोडलं की दोन होतात असं शाळेत कुणी सांगितलं असेल तर विसरा, होत नाहीत.

मग एप्रिल.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड, तेही पहाटे. घरात माणसांना पाणी पुरवून वाफ्याला किती द्यायचं, यावर नवऱ्याचं आणि माझं एकदा चांगलंच वाजलं. शेवटी तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवायचं ठरलं. साबणाचं नाही. वाफ्याला लागतं तरी किती, दिवसाला तांब्या-दोन तांबे. पण ते रोज लागतं, आणि दुपारी नाही, पहाटे आणि दिवेलागणीला.

खरी कमाल केळीच्या खांबानं केली. घड उतरवल्यावर खोड शेतात पडून राहतं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दिरांनी मोटारसायकलवर बांधून चार-पाच खांब आणून टाकले. ते उभे चिरून, ओली बाजू खाली करून वाफ्यावर पालथे घातले, वर गोणपाट, त्याच्यावर पुन्हा सुका पाला. आठवडाभर खांब हळूहळू ओल सोडत राहतो. आणि उचलून पाहिलं तर खालच्या खळग्यांत गांडुळं गर्दी करून बसलेली. पश्चिमेच्या झळा अडवायला कूलरच्या काढून टाकलेल्या गवताच्या जाळ्या बांबूला बांधून उभ्या केल्या आणि त्याच ओल्या ठेवल्या. दोनशे रुपयांचा साधा थर्मामीटर घेतला होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर ४४ असताना, वाफ्यात वीतभर आत तो ३१ ते ३३ दाखवायचा. बाहेर लू चालू असताना तेवढ्या थंडाव्यावर माझाच विश्वास बसेना, म्हणून नवऱ्यानंही हात घालून पाहिला. त्यानंतर पाण्यावरून वाद झाला नाही.

तरी संख्या कमी झालीच. जूनमध्ये पाहिलं तर मोठी गांडुळं निम्मी असतील. पण कोष भरपूर होते. ऊन आणि कोरडेपणा कोष गांडुळापेक्षा जास्त सोसतात. वाफा रिकामा वाटला म्हणून उन्हाळ्यात कुणी फेकून देऊ नका. ओला ठेवा आणि पावसाची वाट पाहा. पलीकडच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीनं याच एप्रिलमध्ये ऑनलाइन गांडुळं मागवली होती. पार्सल तीन दिवस कुठल्या तरी गोदामात पडून होतं, उघडलं तेव्हा वासावरूनच कळलं. पैसे परत मिळाले नाहीत. तिला मी जुलैत माझ्यातली दिली.

मुंग्यांचा त्रास याच दिवसांत होतो, कारण वाफा ओला राहिला तर त्या येत नाहीत आणि एक कोपरा जरी सुकला तरी येतात. हळदीची रेघ ओढली, थोडा उपयोग झाला. खरा उपाय तो कोपरा ओला करणं. आंब्याच्या दिवसांत साली आणि कोयींनी चिलटं एवढी झाली की परसात बसता येईना. साली पाल्याखाली पुरायला लागल्यावर कमी झाली. कोयी मात्र घालू नका. त्या कुजत नाहीत, उगवतात. माझ्या वाफ्यात गावठी आंब्याची रोपं आली होती.

पाऊस जूनच्या मध्यावर आला आणि प्रश्न उलटे झाले. पहिल्या मोठ्या सरीनंतर गांडुळं विटांवर चढून आली. वाफ्यावर पत्रा टाकला, पाइप मोकळा केला. त्याच सुमारास क्रेटमध्ये करड्या, जाड, चपट्या अळ्या झाल्या, पाहून मुलगी किंचाळली. त्या काळ्या सैनिक माशीच्या. माणसाला काही करत नाहीत आणि कचरा भराभर खातात. पण त्या दिसल्या म्हणजे ओला कचरा जास्त आणि सुका कमी, एवढं समजायचं. सुका पाला वाढवला, हळूहळू गेल्या.

जुलैत वांग्यांच्या आळ्यात, अळूत, कढीपत्त्याला खत घातलं, रोपाला दोन-दोन मुठी. वांगी चांगली आली, पण ती पावसानंही आली असतील. मला जे पाहायचं होतं ते दुसरंच होतं. वाफ्याच्या कडेला, जिथं इतके महिने मी पाला आणि अर्धवट खत टाकत होते आणि जमीन उघडी पडू दिली नव्हती, तिथं ऑगस्टमध्ये सकाळी मातीच्या बारीक वळकट्यांचे ढीग दिसायला लागले. फावड्यानं एक ढेकूळ उलटवलं. फिकट राखाडी, जाड गांडूळ, माझ्या तांबड्यांशी काही नातं नसलेलं. ही मी आणलेली नव्हती. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा ही खाली खोल, स्वतःभोवती गाठ मारून, चिकट अस्तराच्या गोळीत निपचित पडून राहतात आणि ओल आली की वर येतात. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "पह्यले नांगर चालना का मांगे बगया येत. आते बगया बी नही, गांडोय बी नही."

बगळे का येईनासे झाले, याचं उत्तर दिरांच्या शेतात आहे. केळीत वर्षानुवर्षं फोरेट या कीटकनाशकाचे दाणे पडले. त्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. दर साल रोटाव्हेटर, उघडं रान, पेटवलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. गांडुळानं राहायचं कुठं आणि खायचं काय? पऱ्हाट्यांचा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. त्या बांधावर रचून ठेवता येत नाहीत, गुलाबी बोंडअळी त्यात मुक्काम ठोकते. म्हणून यंदा त्यांनी भाड्याचं यंत्र आणून पऱ्हाट्यांचा भुगा केला आणि शेणकाला घालून नाडेपच्या टाकीत भरला. मजुरी धरून पेटवण्यापेक्षा महाग पडलं, हे ते मला प्रत्येक भेटीत सांगतात.

पुढच्या हिवाळ्यात शेताचा नमुना पुन्हा दिला. कर्ब ०.३४ चा ०.३६. मी खूश झाले. प्रयोगशाळेतल्या माणसानं समजावलं, एवढा फरक नमुना दुसऱ्या कोपऱ्यातून घेतला तरी येतो. कर्ब वाढायला वर्षं लागतात, दर साल तपासून पैसे घालवू नका. परसाचा नमुना त्यानं घेतलाच नाही. जिथं थेट खत टाकता तिथली माती नको, म्हणाला.

राहिला घरपट्टीचा विषय. पुणे महापालिका गांडूळखत करणाऱ्यांना मिळकत करात पाच टक्के सवलत देते, हे वाचून मीही आमच्या पालिकेत अर्ज केला होता. सोबत वाफ्याचे फोटो आणि घरपट्टीची पावती. आरोग्य विभागानं कर विभागाकडे पाठवलं, कर विभागानं आवक-जावककडे. पोच घेतली, म्हणून पुढं विचारता तरी आलं. सात महिन्यांनी उत्तर आलं, सर्वसाधारण सभेचा तसा ठराव नसल्यानं सवलत देय नाही. पतपेढीत बसून बसून एवढं कळतं की ठराव नाही म्हणजे ठराव मागायचा. आमच्या वॉर्डात आता वाफे करणारी सहा-सात घरं आहेत, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज तयार आहे. तुमच्या गावात कुणी असा ठराव करून घेतला असेल तर त्याची प्रत मिळाली तर बरं होईल. क्रमांक आणि तारखेसह.